साहेबांचा दीड हात समुद्र

आमच्या घरी साहेबांना पाणी द्यायचं म्हणजे काचेच्या पेल्यातूनच द्यावं लागे. पितळेच्या भांड्यातून दिलं तर त्यांचा जीव कासावीस व्हायचा. पेला हातात आला की ते आधी तो खिडकीकडे धरायचे. मग खिशातून पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा काढायचे. त्याची एक बाजू काळी, दुसरी पांढरी. काळी बाजू पेल्यामागे धरून, डावा डोळा मिटून, पेला जरासा फिरवून ते मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे आणि मगच घोट घ्यायचे. एका लग्नात त्यांनी मठ्ठ्यामागेही पुठ्ठा धरला होता, असं आमचे हे सांगायचे. मी पाहिलेलं नाही, पण विश्वास ठेवायला मला अजिबात जड गेलं नाही.

साहेबांचं काम तेच होतं. पन्नासच्या दशकात चिंचवड स्टेशनपासून मैलभरावर औषधांचा एक लहानसा कारखाना निघाला होता. आज त्याची पाटीसुद्धा उरलेली नाही. तिथे इंजेक्शनच्या औषधाच्या बाटल्या भरल्या जात. आम्ही सहा बायका ओळीने स्टुलांवर बसून एकेक बाटली दिव्यासमोर धरायचो आणि आत काही तरंगतंय का, औषध गढूळ आहे का, ते पाहायचो. आमची पाहून झालेली बाटली साहेब पुन्हा पाहत. त्यांच्याकडे दोनच शब्द होते, ‘पास’ आणि ‘परत’. आमच्या कुणाच्या डोळ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दुसऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी एकाही बाटलीवर सही केली नसेल. आम्हाला दिसायची नाही ती कापसाची तूस त्यांना हातभर लांबून दिसे. बाटली ते आमच्यासमोर ठेवत आणि आम्ही ती तूस शोधत बसायचो. ती सापडायचीच, आणि तेव्हा फार राग यायचा.

कारखान्यामागे बारा खोल्यांची बैठी चाळ होती. त्यात आमच्या शेजारची खोली साहेबांची. मालवणकडचे. बायको, आई आणि दोन मुली गावी, हे इथे एकटे. कारखान्यातल्या आमच्या खात्यात मला ते ‘बाई’ म्हणत आणि चाळीत ‘वहिनी’. खात्यात ‘बाई, झोप झाली नाही वाटतं’ म्हणून झापलेला माणूस संध्याकाळी ‘वहिनी, जरा विरजण आहे का’ म्हणत दारात उभा राही. मी विरजण द्यायचे, पण वाटीभर मागितलं तर चमचाभर.

या माणसाने एके दिवशी घरात समुद्र आणला.

म्हणजे असं झालं. लोखंडी पट्ट्यांची चौकट, तिला चार बाजूंनी काच आणि सांध्यात काचा बसवायची लांबी भरलेली, अशी दीड हात लांब पेटी त्यांनी खडकीहून करून आणली. लोखंडाला खाऱ्या पाण्याचा गंज चढू नये म्हणून डांबर फासलं. चाळीतल्या सगळ्यांना वाटलं, पोपट पाळणार. साहेब म्हणाले, “मासे. समुद्रातले.” आमचे हे बॉयलरवर होते, त्यांना हिशोबी प्रश्न विचारायची खोड. ते म्हणाले, “साहेब, इथून समुद्र ऐंशी-नव्वद मैल आहे.” साहेब म्हणाले, “म्हणून तर पेटी पाहिजे. जवळ असता तर कशाला केली असती?”

ह्यांनी पेटीचं दुसरं टोक उचललं.

समुद्राचं पाणी ते मुंबईहून आणायचे. रविवारी पहाटेच्या गाडीने जायचे, बहिणीकडे जेवायचे, भरतीच्या वेळी खडकांवर जाऊन काचेचे दोन मोठे बुधले भरायचे आणि संध्याकाळी परत. ते दारूबंदीचे दिवस होते. पहिल्याच खेपेला वेताच्या टोपल्यांत बसवलेले, तोंडाला फडकं बांधलेले दोन बुधले घेऊन हा सभ्य माणूस चिंचवड स्टेशनवर उतरला, तो थेट हवालदाराच्या पुढ्यात.

“काय हाय ह्यात?”

“समुद्र.”

हवालदाराने आयुष्यात पुष्कळ उत्तरं ऐकली असतील, पण हे नसेल. त्याने फडकं सोडून वास घेतला. वास ओळखीचा निघाला नाही, म्हणून पंचांसमक्ष ओंजळभर पिऊन पाहिलं आणि तिथेच थुंकला. “आरं तिच्या! हे पितं कोन?”

“मी नाही पीत,” साहेब म्हणाले. “मासे पितात. आणि हवालदारसाहेब, आता त्यात तुमचा हात बुडाला. मला हा बुधला परत भरून आणावा लागणार.”

आणि खरंच त्यांनी तो बुधला फलाटाच्या कडेला ओतून दिला. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. तेव्हापासून तो हवालदार त्यांना लांबूनच सलाम करायचा. भीतीने की कीव येऊन, ते त्यालाच ठाऊक.

पेटीत पाच मासे होते, बोटाएवढे, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले. चार-दोन गोगलगायी आणि एक रिकाम्या शंखात राहणारा खेकडा. त्याला साहेब ‘हेडक्लार्क’ म्हणत. दुसऱ्याच्या घरात राहतो आणि काम सांगितलं की आत जातो, म्हणून. पाण्यात हवा जावी यासाठी ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब होती. सायकलच्या पंपाने ती फुगवायची आणि बारीक नळीतून पाण्यात बुडबुडे सोडायचे. पंप मारायचं काम आमच्या ह्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. बायकोचं पिंप भरायला सांगितलं की ह्यांची कंबर धरायची, पण माशांसाठी दोनशे पंप हसतहसत मारत.

आठवड्याभरात पाणी गढूळ झालं. ताकाच्या निवळीसारखं. मासे असे दिसत की आहेत की नाहीत याचीच शंका यावी. चाळ मदतीला धावली. कुणी म्हणालं तुरटी फिरवा. साहेब म्हणाले, “फिरवतो. पाणी साफ होईल आणि मासेही.” आमच्या ह्यांना वाटलं, मीठ कमी पडलं असेल. ते स्वयंपाकघरातलं मीठ मुठीत घेऊन निघाले, तेव्हा साहेबांनी त्यांचं मनगट धरलं आणि समजावलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून पाणी कमी झालं तर काचेवर रंगवलेल्या रेघेपर्यंत उकळून गार केलेलं गोडं पाणी घालायचं. हे म्हणाले, “म्हणजे आमटीसारखंच की.” साहेबांनी जरा विचार करून ते मान्य केलं.

साहेबांची पद्धत अशी, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीन दिवस थांबायचं आणि वहीत लिहायचं. आधी वाळू. पवनेची वाळू धुऊन घातली होती, ती काढून पुन्हा सात पाण्यांनी धुतली. पाणी थोडं निवळलं, पुरतं नाही. मग खाणं. सुकवलेला जवळा ते चिमटीने घालत, तो अर्ध्यावर आणला आणि उरलेला पाच मिनिटांत उपसून काढू लागले. आणखी फरक पडला, तरी धुकं राहिलंच. मग त्यांनी प्रत्येक शंख उचलून नाकाला लावला. तिसऱ्या शंखाला त्यांचा चेहरा खुलला. “वहिनी, या, वास घ्या!” एखादं अत्तर दाखवावं तसा त्यांनी तो माझ्यापुढे धरला. गोगलगाय केव्हाचीच आत मरून सडली होती. ती काढल्यावर चौथ्या दिवशी पाणी असं झालं, की पेटीत पाणी आहे हे हात घातल्यावरच कळावं. त्या दिवशी साहेबांनी चाळीत पेढे वाटले. आक्कांनी विचारलं, मुलगा झाला का? मी म्हटलं, नाही, गोगलगाय मेली.

आक्का म्हणजे आमच्या दूधवाल्या. आकुर्डीकडच्या शेतकरी घरातल्या, बोलायला फटकळ. साहेबांचं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून वाजलं होतं, कारण साहेबांनी दुधामागेही पुठ्ठा धरला होता. “दूद हाय ते सायेब,” आक्का म्हणाल्या होत्या, “त्यातनं पलीकडचं दिसाय लागलं तर मला कळवा.”

वर्ष बरं गेलं. मग दिवाळीनंतर एका संध्याकाळी साहेब आमच्या दारात आले आणि म्हणाले, “पाणी पुन्हा गढूळ होतंय.”

आम्ही जाऊन पाहिलं. पेटीमागे दिवा लावलेला होता. साहेबांनी बोटाने दाखवलं, “ही दुधाळ झाक. दिसते?” आणि खोटं नाही सांगत, मला दिसली. ह्यांनाही दिसली. ज्या माणसाला कापसाची तूस हातभर लांबून दिसते त्याला गढूळ दिसतंय, म्हणजे गढूळ असणारच. आपल्याला दिसत नसलं तर तो आपल्या डोळ्यांचा दोष, ही सवय आम्हाला त्यांनीच लावली होती.

वही पुन्हा उघडली. वाळू झाली. खाणं एक दिवसाआड झालं. शंख हुंगून झाले. खिडकीतलं ऊन येऊ नये म्हणून गोणपाट लावलं. लोखंडाला पुन्हा डांबर फासलं. हवा वाढवली, ह्यांचे हात भरून आले. मुंबईच्या दुसऱ्या किनाऱ्याचं पाणी आणून पाहिलं. प्रत्येक ओळीपुढे साहेब लिहीत, ‘फरक नाही’. मग ते दर आठवड्याला निम्मं पाणी काढून नवं घालू लागले. असा सारखा बदल माशांना मानवेना. पाचाचे चार झाले, तीन झाले, मग दोनच राहिले. मेलेला मासा ते कागदात गुंडाळून चाळीमागे पुरायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. आम्ही त्यांची थट्टा करायचो, पण तो कागद हातात घेऊन जाताना पाहिल्यावर मला थट्टा सुचायची नाही.

कारखान्यातही तेच. टेबलावर ‘परत’च्या बाटल्यांचा ढीग वाढत चालला. साहेबांचं म्हणणं, औषध गाळणाऱ्या यंत्रातच बिघाड आहे. तिथले मिस्त्री चाकणचे, शांत गृहस्थ. त्यांनी यंत्र तीनदा उघडून दाखवलं. साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत म्हटलं, “काम येत नसेल तर शेती करा.” मिस्त्री यंत्राचं झाकण बसवत राहिले. आम्ही बायका तर चांगल्या बाटल्याही आपणच ‘परत’मध्ये ठेवायला लागलो होतो. तसंही साहेब परतच करणार, उगाच बोलणी कोण खाणार? मॅनेजरची चिठ्ठी आली, की माल बाहेर का पडत नाही ते सोमवारी सांगावं. शनिवारी साहेबांनी मला त्यांचं उत्तर वाचून दाखवलं. मिस्त्रींना कामावरून काढा, नाहीतर हाच माझा राजीनामा समजा. मॅनेजर साहेबांना मनातून कंटाळला होता, तो राजीनामाच घेईल, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते साहेबांना. गावाकडची चार माणसं त्या पगारावर होती. आणि त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं असतं, तर मिस्त्रींच्या घरची चूल बंद पडली असती.

रविवारी सकाळी साहेब पेटीतलं पाणी रबरी नळीने बादलीत काढत बसले होते. मी दारात उभी होते. आक्का दूध घेऊन आल्या आणि थांबल्या.

“आवं सायेब, चांगलं पानी कशापायी वतून देताय?”

“चांगलं? आक्का, डोळे आहेत ना तुम्हाला?”

“हायती की. तळाचा खडा न् खडा मोजून दावू का? ह्यो खेकडा बगा, त्याच्या पायावरचं क्यास बी दिसत्यात. पानी निवळशंख हाय.”

साहेब चिडले. “दूध आणि पाणी यातला फरक तुम्हाला कळत नाही, हे मी रोजच बघतो.”

आक्कांनी घागर खाली ठेवली. “येकांद्या दिवशी दुदात पानी घालीन बी, सायेब. पर पान्यात दूद काय मला दिसंना.”

आणि त्या निघून गेल्या. मला हसू आलं, आणि हसता हसता मी पेटीकडे पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच, साहेबांनी बोट दाखवायच्या आधी पाहिलं. टेबलावरचा पुठ्ठा घेतला, काळी बाजू काचेमागे धरली, पाच आकडे मोजले. पाण्यात काही नव्हतं. खेकड्याच्या पायांवरचे केस खरंच दिसत होते.

मी पुठ्ठा होता तिथे ठेवला. वाटलं, गप्प घरी जावं. साहेबांना काही सांगायची माझी काय पात्रता? सातवी पास बाई मी. पण ते पत्र समोर घडी करून ठेवलेलं होतं.

“साहेब,” मी म्हटलं, “वहीत एक गोष्ट तपासायची राहिली.”

“कुठली?”

“बघणारा बदलून पाहिला नाही.”

“आक्कांची साक्ष काढायची?”

“आक्कांची नको. तुमचीच. फक्त रोज जो डावा डोळा मिटता ना, तो उघडा ठेवा. आणि उजवा मिटा.”

ते हसले. असलं काही त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम त्यांचाच. त्यांनी पुठ्ठा घेतला, वाकले, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. मग हात डाव्या डोळ्यावर. पुन्हा उजव्यावर. असं चार वेळा. बादलीत पाणी पडतच होतं. शेवटी त्यांनी नळी चिमटीत धरून ते थांबवलं, वही ओढली आणि लिहिलं. डावा, पास. उजवा, परत.

“दिवाळीपासून,” ते म्हणाले. मग वहीची पानं मागे उलटत म्हणाले, “तीन मासे, वहिनी.” आणि मग अगदी हळू, “आणि मिस्त्री.”

मला रडू फुटलं. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुम्ही कशाला रडता? तुमचे दोन्ही चांगले आहेत.”

पत्र त्यांनी फाडलं. शर्ट बदलून दुपारच्या एसटीने चाकणला गेले. मिस्त्रींच्या घरी काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणीही कधी सांगितलं नाही. साहेब संध्याकाळी उतरले ते कांद्याची एवढी मोठी पिशवी खांद्यावर घेऊन, आणि पुढे महिनाभर आमच्या चाळीत कुणाला कांदा विकत आणावा लागला नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. अजून कच्चा आहे, पिकल्याशिवाय काढता यायचा नाही, म्हणाले. साहेब विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत, “अजून कैरी आहे.” पुढे दोन-तीन वर्षांनी तो काढला, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या काचांचा चष्मा लागला आणि ते गावी गेले. उरलेले दोन मासे आणि हेडक्लार्क त्यांनी त्याआधीच मुंबईच्या खडकांत नेऊन सोडले होते. पेटी बरीच वर्षं आमच्याकडे होती. मी तिच्यात डाळी ठेवायचे.

पण मला अजून डोळ्यांसमोर दिसतो तो त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार. साहेब मॅनेजरसमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं जसं होतं तसं सांगितलं. दिवाळीपासूनच्या साऱ्या ‘परत’ बाटल्या पुन्हा तपासाव्यात, आणि आपण दिव्यासमोर बसू नये, असंही तेच म्हणाले. मॅनेजरने इतकंच विचारलं, मग बघणार कोण? खात्यात येऊन साहेबांनी आपली खुर्ची माझ्यासाठी मागे ओढली आणि स्वतः रजिस्टर घेऊन माझ्या स्टुलावर बसले. बाकीच्या पाचजणी हातातलं काम सोडून पाहत होत्या.

मी ढिगातली पहिली बाटली उचलली. तिच्यातलं औषध कुणाच्या तरी शिरेत जाणार होतं. “साहेब, डाव्याने तरी एकदा बघा ना,” मी म्हटलं.

“उजव्याने दोन महिने फसवलं आणि मला कळलंदेखील नाही. डाव्याची हमी मी कुठल्या तोंडाने देऊ?” ते म्हणाले. “तुम्हाला काय दिसतं ते सांगा.”

मी बाटली उलटी केली, फिरवली, काळ्यापुढे धरली, पाच मोजले. मग पुन्हा पाच मोजले.

“पास,” मी म्हटलं.

“मोठ्याने, बाई.”

“पास.”

बाटली त्यांच्यापासून हातभर लांब होती, दिवा लागलेला होता. त्यांची मान जराशी वळली. मग त्यांनी मान पुन्हा रजिस्टरकडे वळवली, माझ्या शब्दावर सही केली आणि म्हणाले, “पुढची घ्या.”